मला ओळखता आलं नाही तर?

मी तळहातात मावणारी एक बाटली बोलतेय. जरा हळूच बोलतेय, कारण अजून छातीतली धडधड गेलेली नाही. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात माझा मुक्काम. पोटात निळं द्रावण, आणि त्याला जन्मात एकच गोष्ट येते, ए गटाचं रक्त ओळखणं.

ए गटाच्या रक्तपेशींच्या अंगावर एक खूण असते. माझे सूक्ष्म कण चाचपडत तिथवर जातात, कुलपात किल्ली बसावी तसे त्या खुणेत बसतात आणि पेशींना एकमेकींशी बांधून टाकतात. मग काचपट्टीवरचा थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो. खूण नसली तर गुळगुळीत राहतो. शेजारची पिवळी बाटली बी गट ओळखते. दोघींनी नाही म्हटलं, की रक्त ओ गटाचं.

इथे तपासणी करणारी ताई स्वतः ए गटाची. रोज कामाला लागण्याआधी ती आपलं बोट टोचते, रक्तावर माझा थेंब सोडते आणि म्हणते, "बघू गं, ओळखतेस का?" थेंब फुटला, की मगच ती दुसऱ्याच्या रक्ताला हात लावते.

शनिवारी साफसफाईच्या मामांनी फ्रिज धुतला आणि ते मला उन्हातल्या खिडकीत विसरले. सोमवारी ताई यायच्या आत गुपचूप आत ठेवलं. तिची बोलणी कोण खाणार? पण माझ्या अंगातलं त्राण गेलं होतं.

नेमकी त्याच सकाळी धावपळ. वरच्या मजल्यावर एक बाळंतीण, रक्तस्राव थांबेना. तिचा गट ओ, आणि ओच्या पिशव्या संपलेल्या. तिचा भाऊ धापा टाकत आला.

"माझं घ्या. सख्खा भाऊ आहे मी, माझंही ओच असणार."

ताईने त्या दिवशी बोट टोचलं नाही. सरळ त्याच्या रक्तावर माझा थेंब सोडला.

खूण हाताला लागली. शपथ घेऊन सांगते, लागली. पण पकड बसेना. हा ए आहे, ए आहे, असं मी आतल्या आत ओरडत होते आणि थेंब गुळगुळीत. पिवळीचाही गुळगुळीत.

"ओच आहे," ताई म्हणाली आणि पिशवी भरायला घेतली. हे रक्त त्या बाईच्या अंगात गेलं, तर तिचं शरीर त्याच्यावर तुटून पडणार आणि त्यात तीच मरणार.

पिशवी देण्याआधी एक शेवटची तपासणी असते. देणाऱ्याच्या पेशी घेणारीच्या रक्तद्रवात मिसळून बघायच्या. घाईत तीही राहून जाईल, या धास्तीने मी थिजले होते. पण ताईने नळी उजेडाला धरली. तळाशी गुठळी. बहिणीच्या रक्ताने भावाला परका म्हणून ओळखलं होतं.

ताईने पिशवी बाजूला ठेवली. मग तिने आपलं बोट टोचून माझा थेंब सोडला. गुळगुळीत. रोजची ताई, आणि मला ती ओळखू येईना.

"म्हणजे मी तिचा सख्खा भाऊ नाही?" भाऊ रडकुंडीला आला.

"सख्खेच आहात हो. भावंडांचे गट वेगळे असू शकतात." ताई म्हणाली.

दाराशी मामा उभे होते. "बाटली मीच खिडकीत विसरलो होतो. ओरडाल म्हणून बोललो नाही."

"आणि मी आज बोट टोचलं नाही," ताई म्हणाली. मग तिने दुसऱ्या रुग्णालयाला फोन लावला.

दुसऱ्या रुग्णालयातून ओची पिशवी आली. ती नव्या बाटल्यांनी तपासली, शेवटची तपासणीही झाली. दुपारी भाऊ सांगायला आला, "शुद्धीवर आली. बाळ कुठंय विचारतेय."

आता मी बेसिनशेजारच्या ट्रेमध्ये पडून आहे. 'वापरू नये' अशी चिकटपट्टी लावलीय, पण ओलीने ती सुटत चाललीय. रंग तोच निळा, बाहेरून काहीच कळत नाही. ताई, आजच ओतून टाक गं मला. जाण्याची भीती नाही वाटत. उद्या कुणी मला भरवशाने उचलेल, त्याचीच वाटते.