आमच्या क्लबचं नाव कुणी पुसलं?

मित्रांनो, मी धारच्या मैदानावरचा एक जुना गोलपोस्ट आहे. लोखंडालाही राग येतो, हे आज तुम्हांला सांगायचं आहे.

इथल्या कृष्णरावांनी पाण्याचे पाइप जोडून मला उभं केलं आणि 'जयमल्हार फुटबॉल क्लब' काढला. पुढे शेजारच्या नालछा गावचा संघ मोडकळीला आला, तेव्हा ते स्वतः तिकडे गेले. म्हणाले, "खेळाडू तुमचे, मैदान आमचं, नाव दोघांचं." क्लब 'जयमल्हार-नालछा' झाला. त्या एकीचा मला अभिमान होता.

वरच्या गटात जाण्याचा सामना बदनावरच्या संघाशी होता. आमचा गोलकीपर अंबरीश याने मोडलेल्या बोटाने पेनल्टी अडवली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, मलाही हार घातला.

मग देवासचा एक मोठा क्लब आला. आमचे सचिव उमाशंकर म्हणाले, "एक होऊन जाऊ भिया, सीधे राज्याच्या लीगमध्ये! नावाचं नंतर बघू."

लीगमध्ये गेले खरे. पण नाव झालं 'माळवा सिटी', सामने देवासला, अंबरीश बाकावर आणि नालछ्याचे खेळाडू घरी. रिकामं मैदान लग्नांना भाड्याने गेलं आणि माझ्या अंगाला मांडवाचे दोर बांधले. माझी जाळी आचाऱ्यांनी भांडी घासायला फाडून नेली!

'माळवा सिटी'ने जिंकलेला चषक गेल्या महिन्यात मिरवायला धारला आणला. उमाशंकर माइकवर बोलले, "आमच्या दोन वर्षांच्या क्लबने..."

म्हातारे कृष्णराव ताडकन उठले. "दोन वर्षांचा? मग त्याआधी आम्ही इथे गवत उपटत होतो काय?"

"काका, बैठो ना! कशाला तमाशा करता?" उमाशंकर म्हणाले.

अंबरीशने अंगातली नवी जर्सी काढली आणि चषकावर टाकली. "काका बसणार नाहीत. अन् मी तुमच्याकडून खेळणार नाही."

जुन्या नावाने क्लब पुन्हा सुरू झाला, अगदी तळच्या गटातून. नालछ्याचे खेळाडू परतले. पहिल्याच सामन्यात चार गोल खाल्ले. तरी कृष्णराव टाळ्या वाजवत होते.

माझा राग मात्र गेलेला नाही. मित्रांनो, एकत्र या, खुशाल मोठे व्हा. पण ज्यांच्या खांद्यांवर उभे राहून वर चढलात, त्यांना खाली ढकलू नका. आणि माझ्यावर दोर बांधायला कुणी आलं, तर त्याला दरडावून विचारा, "आज सामना आहे, दिसत नाही का?"