घरची फाइल

"बाई, हे दोन वेळा की दहा वेळा?" संगणकवाल्यांनी कार्ड खिडकीकडे धरून विचारलं.

"दोन. दहा वेळा घेतल्या असत्या त्या गोळ्या, तर पुढची भेट लिहायला माणूस उरला नसता," बाई म्हणाल्या आणि पुढचं कार्ड उचललं.

संगणकवाले हसले. चाळिशी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. दवाखान्यातले सगळे कागद संगणकावर चढवायचं काम त्यांच्या कंपनीला मिळालं होतं. पण यंत्र कितीही भारीतलं असलं तरी डॉक्टरांचं अक्षर काही त्याला लागत नाही, हे पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं. ते लागायचं फक्त बाईंना. मग रोज नऊच्या ठोक्याला दोघं कागदांच्या खोलीत शेजारीशेजारी बसायचे. बाई वाचायच्या, ते टाइप करायचे, आणि झालेला कागद काचेवर पालथा ठेवून त्याची प्रत संगणकात घ्यायचे.

या खोलीत बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. पेशंटने खिडकीशी येऊन नाव सांगायच्या आत त्यांचा हात कपाटाकडे गेलेला असायचा. कुणाची तपासणी पुन्हा करायची आहे, कुणाला लगेच बोलवायचं आहे, याच्या चिठ्ठ्या डॉक्टर आतून पाठवायचे आणि बाई फोन करकरून त्या माणसाला आणून उभं करायच्या. "औषध परवडलं, पण बाईंचा फोन नको," असं लोक म्हणायचे. आणि निमूट यायचे.

फक्त एका फाइलला त्यांनी कधी हात लावला नव्हता. नोकरीला लागल्या त्याच महिन्यात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, "आमच्या घरची फाइल तुमच्या कपाटात ठेवा. इथे सगळ्यांची दुखणी माझ्या हाताखालून जातात. त्यात घरचं नको." डॉक्टरांना ते फार आवडलं होतं. नवी नर्स आली की तिला ते ही गोष्ट अजून सांगायचे.

त्या दिवशी डॉक्टर यायच्या आधीच नर्सने त्यांच्या कपाटातला शेवटचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. संगणकवाल्यांनी तिसरी फाइल उघडली, नाव वाचलं आणि ते थांबले.

"हे तुमचे..."

"हो, आमचे हे. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन."

"मी एकटा करतो ही."

"अक्षर लागायचं नाही तुम्हाला. द्या इकडे."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. सर्दी. पाठदुखी. बोटाला पत्रा लागला, दोन टाके. एका माणसाची वीस वर्षं सहा कागदांत मावली होती. सातवा कागद छापील होता, तो संगणकवाल्यांनीच वाचला. "छातीचा एक्स-रे. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला लहान सावली. महिन्याभरात पुन्हा तपासणी आवश्यक." खाली निळ्या शाईत सही आणि तारीख होती. "ही तारीख काय आहे, बाई?"

बाईंनी कागद हातात घेतला. सही डॉक्टरांची होती. तारीख फेब्रुवारीतली. त्यांना वाटलं, आपल्याकडून काही चुकतंय, म्हणून त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पण डॉक्टरांचं अक्षर वाचताना त्यांची कधी चूक झालेली नव्हती.

नवऱ्याला ॲडमिट केलं ते पुढच्या जानेवारीत. अकरा महिन्यांनी.

तेव्हा डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "फार उशीर केलात, बाई." ते वाक्य उशाशी घेऊन त्या सहा वर्षं झोपल्या होत्या. मुलगा तर हॉस्पिटलच्या जिन्यातच म्हणाला होता, "सगळ्या गावाला फोन करून बोलावतेस. बाबांचा खोकला तुला घरात ऐकू आला नाही?" पुढे तो दुसऱ्या शहरात गेला. दर रविवारी फोन करायचा, बरी आहेस ना विचारायचा आणि ठेवून द्यायचा.

"पाणी आणू?" संगणकवाल्यांनी विचारलं.

"नको. ही फाइल उद्या करू."

त्यांनी सातवा कागद सहाव्याच्या खाली नीट लावला. पर्समध्ये टाकावा असं एकदा मनात आलं. पण या खोलीतला कागद बाहेर न्यायचा नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्यांनी फाइल गठ्ठ्यात ठेवली आणि शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

"या, बाई. किती राहिलं काम?" डॉक्टर हात धुत होते.

"यांच्या एक्स-रेचा रिपोर्ट तुम्ही फेब्रुवारीत पाहिला होता."

डॉक्टरांनी नळ बंद केला. बराच वेळ ते हात पुसत राहिले.

"काही निघालं तर कळवतो, असं त्यांना म्हणालो होतो. त्या दिवसांत तापाची साथ होती. आठवत असेल तुम्हाला. सह्या करत गेलो. बाकीच्यांचे कागद तुमच्याकडे येत, तुम्ही फोन करत. तो माझ्या कपाटात गेला, आणि..."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"त्यांना ॲडमिट केलं त्या दिवशी. जुने कागद काढले तेव्हा."

"म्हणजे मला 'उशीर केलात' म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

डॉक्टर खुर्चीत बसले. "सांगून काय झालं असतं, बाई? ते परत आले असते का? दवाखाना मात्र बंद पडला असता. आणि नंतर मी तुमच्यासाठी काही कमी केलं का?"

खरंच कमी केलं नव्हतं. अंत्ययात्रेत ते शेवटपर्यंत चालले होते. नवऱ्याच्या जाण्याच्या तारखेला दर वर्षी न मागता सुट्टी द्यायचे. "आज घरी राहा, बाई," असं स्वतः फोन करून सांगायचे. त्या फोनने बाईंना दर वर्षी रडू यायचं. इतका मोठा माणूस, तारीख लक्षात ठेवतो. तारीख लक्षात का राहत होती, ते आता कळलं.

"मुलगा माझ्याशी धड बोलत नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक आहे ते. मीच सांगितलं होतं तुम्हाला, याच खुर्चीत बसून. तुम्ही म्हणालात, वेळ जाऊ द्या."



दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बाई आल्या तेव्हा संगणकवाले फाइल पुढ्यात घेऊन बसले होते. यंत्र बंद होतं.

"काल संध्याकाळी डॉक्टरांनी मागवून घेतली. सकाळी नर्सकडे दिली," ते म्हणाले. "सहाच कागद आहेत, बाई."

बाईंनी मोजले. सहा.

"मी वाचला होता तो, काल. तुम्हीही पाहिलंत." त्यांनी चष्मा काढला. "पण कुणी विचारलं तर मी सांगेनच, असं आज छातीठोक म्हणवत नाही. कंपनी डॉक्टरांकडून काम घेते."

"मी कुठे विचारलं तुम्हाला?"

त्यांनी सहाही कागद संगणकात घेतले. मग पडद्यावर फाइलच्या तळाशी एक रिकामा चौकोन उघडला. "ही जागा नोंदीची. दवाखान्यात ज्याच्या नावाचा पासवर्ड आहे, त्याला इथे लिहिता येतं. लिहिलं की खाली आपोआप नाव आणि वेळ उमटते. पुढे कुणी ते काढलं तर काढणाऱ्याचंही नाव राहतं, वेळेसकट." एवढं बोलून ते उठले. "मी चहा घेऊन येतो. मला वेळ लागेल."

बाईंचा टाइप करण्याचा वेग म्हणजे दळण निवडल्यासारखा. एकेक अक्षर शोधायचं, दाबायचं, पडद्याकडे पाहायचं. चार ओळींना अर्धा तास लागला. एक्स-रेत सावली असल्याचा रिपोर्ट फेब्रुवारीत आला होता. त्यावर डॉक्टरांची सही होती. पेशंटला किंवा घरच्यांना कळवलं नाही. तो कागद काल या फाइलमध्ये होता, आज नाही. शिवी नाही, तक्रार नाही. इतरांच्या कार्डावर लिहायच्या तशीच नोंद. बटण दाबल्यावर खाली त्यांचं नाव आलं, पुढे अकरा वाजून सात मिनिटं.

दुपारी डॉक्टर स्वतः त्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते तिथे क्वचितच आले असतील.

"ती नोंद काढून टाका, बाई."

"तुम्ही काढा."

"त्याने काय होतं, तुम्हाला माहीत आहे."

"हो. सकाळीच शिकले."

डॉक्टर दारात उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, "उद्यापासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल. तसंही आता वाचायचं काही उरलेलं नाही."

"नाही. सगळं वाचून झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि खिडकीशी घुटमळणाऱ्या आजोबांना नर्सकडे पाठवून त्या निघाल्या.

घरी येऊन त्यांनी मुलाला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून तो घाबरला. "काय झालं, आई? पडलीस का?"

त्यांनी सांगितलं. फेब्रुवारी, सही, सातवा कागद. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कागद आहे तुझ्याकडे?"

"नाही. मी तो परत फाइलला लावला."

"का पण?"

"सवय."

मुलाने विचारलं, "आपण घराला रंग दिला, तो या रिपोर्टच्या आधी की नंतर?"

बाई खाली बसल्या. तोच हिशोब त्या येताना वाटभर करत आल्या होत्या. "नंतर. मे महिन्यात."

मे महिन्यात नवरा स्टुलावर चढायचा, भिंतीवर दोन हात मारायचा आणि उतरून पंख्याखाली बसायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा बसायचा. बाई म्हणाल्या होत्या, तुमच्यासारखा रंगारी असता तर गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी हाकलला असता.

"मी हसलो होतो, आई," मुलगा म्हणाला. "तू बोललीस आणि मी हसलो. ते पण हसले."

"हो. ते पण हसले."

समोरच्या भिंतीवर, छताच्या खाली, वीतभर पट्टी जुन्याच रंगाची राहिली होती. तिथपर्यंत नवऱ्याचा हात गेला नव्हता. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. पलीकडे मुलाने फोन ठेवला नाही, आणि बाईंनीही ठेवला नाही.