पहिली अक्षरं

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी आज्ञा आहे. काळ्या पडद्यावर माझ्यापुढे एखाद्या फाइलचं नाव टाइप केलं, की ती कसली फाइल आहे ते मी सांगते. त्या नावावर मी विसंबत नाही. फाइलची सुरुवातीची अक्षरं वाचते आणि माझ्या नियमांच्या यादीशी ताडून पाहते. जुळली तर चित्र, गाणं, पत्र, जे असेल ते सांगते. नाही जुळली, तर 'नुसता डेटा' म्हणून गप्प बसते.

कित्येक माणसांनी एकेक नियम लिहून मला शहाणं केलं. पुढे बोटाने चालणारे पडदे आले आणि मला कोणी विचारेना. डिस्क दुरुस्त करणारे एक काका मात्र रोज हाक मारत.

एका दुपारी एक बाई वडिलांची बिघडलेली डिस्क घेऊन आली. वडील ध्वनिमुद्रक होते, चार वर्षांपूर्वी गेले. स्वतः बनवलेल्या यंत्रावर ते आवाज साठवत. त्यांचा आवाज तिच्याकडे दुसरीकडे कुठेच नव्हता. डिस्कवरच्या फाइलींची नावं पुसली गेली होती. त्यातल्या चाळीस फाइलींपुढे मी हात टेकले. काकांनी त्या उघडल्या, तर प्रत्येकीच्या सुरुवातीला एकच शब्द होता, खारू.

बाईने पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबा मला खारू म्हणायचे. ते एकटेच."

काकांनी माझ्या यादीत नवी ओळ लिहिली: सुरुवातीला 'खारू' असेल, तर बाबांचा आवाज. आठवडाभर खपून त्यांनी ते आवाज ऐकण्याजोगे केले. बाई ते उराशी धरून घरी गेली.

पुढच्या महिन्यात एका दंतवैद्याची डिस्क आली. तिच्यातल्या एका फाइलला मी म्हटलं, 'बाबांचा आवाज'. तारीख आदल्या दिवशीची होती. काकांनी ऐकलं. नुसता श्वास होता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. नंतर एका शाळेच्या डिस्कवर तशीच एक निघाली. त्यात कोणीतरी बोलण्याआधी घसा साफ केला होता.

काकांनी ती फाइल अर्ध्यावरच बंद केली. त्यांनी ती ओळ माझ्या यादीतून खोडली.

बाई अजूनही फोन करते. "काका, आणखी काही सापडलं का हो?"

"नाही, पोरी," काका म्हणतात.

काल एका डिस्कवर तशा अकरा फाइली होत्या. अक्षरं मला दिसली, पण नियम नाही, म्हणून अकरा वेळा मी 'नुसता डेटा' म्हटलं. मित्रांनो, आमच्या याद्या जपा. एखादी ओळ खोडण्याआधी, तिच्या पलीकडे कोणी बोलायच्या बेतात आहे का, तेवढं पाहा.