थांबली. का?

मित्रांनो, मी दुसरीच्या वर्गातली एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. मेपलच्या लाकडाची. मला चार पाय आणि एक पाठ आहे. साठ वर्षांत ऐकलेले पाठ वेगळे. सध्या माझा मुक्काम शाळेच्या तळघरात, बॉयलरच्या मागे आहे. मागचा उजवा पाय तडकला आहे. वर सामसूम आहे, कारण बटाटे काढायची सुटी लागली आहे. कुणी मला न्यायला येईल, की सरपण म्हणून फोडायला येईल, हे मला ठाऊक नाही. म्हणून जे सांगायचे ते आजच सांगून टाकते.

आमचे गाव अमेरिकेच्या उत्तर टोकाला, नदीकाठी आहे. पलीकडच्या काठाला कॅनडा. मला इथल्याच एका सुताराने घडवले, ती सात वर्षांच्या मुलांसाठी. पण वर्गात एक खुर्ची जास्त झाली आणि माझी रवानगी मागच्या भिंतीशी झाली. पाठ बघायला येणाऱ्या मुख्याध्यापकांनी माझ्यावर बसावे, असे ठरले. बसायचे मात्र कुणी नाही. गुडघे हनुवटीला लागतात म्हणे! थिबोडो सर तर एकतीस वर्षे मुख्याध्यापक होते. ते माझ्या पाठीवर कोट टाकायचे आणि हाताची घडी घालून उभे राहायचे. एकतीस वर्षे मी त्यांची खुंटी होते.

ते निवृत्त झाल्यावर दोघेजण आले आणि गेले. मग तीनदा जाहिरात देऊनही कुणी फिरकेना. शेवटी अर्ज आला मिशोबाईंचा. बाई बटाट्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षे पाळीप्रमुख होत्या आणि कारखाना नुकताच बंद पडला होता. त्यांनी एक दिवसही शिकवलेले नव्हते. सरकारने त्यांना एका वर्षाचा कच्चा परवाना दिला. अट अशी, की जूनअखेरपर्यंत त्यांनी दहा पाठांचे निरीक्षण लिहावे आणि एका अनुभवी मुख्याध्यापकाने त्यावर सही करावी. सही नाही तर परवाना नाही. परवाना नाही तर शाळेला कुलूप, आणि आमची चौऱ्याऐंशी पोरे हिमातून तासभर बसने दुसऱ्या गावाला. सही करणारे अनुभवी गृहस्थ कोण? थिबोडो सर.

शिक्षकांच्या खोलीत बाईंचे बारसे पहिल्याच आठवड्यात झाले: बटाटेबाई. आता ही पोरांना सोलून, कापून, गोठवून वरच्या वर्गात पाठवणार, असे हसणे मी भिंतीतून ऐकले. मला राग आला, पण खुर्चीच्या रागाला विचारतो कोण?

पहिल्या दिवशी बाई आल्या आणि सरळ माझ्यावर बसल्या. मी करकरले. त्या म्हणाल्या, "सांभाळ गं बाई, मीही नवीनच आहे." साठ वर्षांत माझ्याशी कुणी बोलले ते तेवढेच.

त्यांचे लिहिणे निराळे होते. कारखान्यात बटाटे वाहून नेणारा पट्टा थांबला की वहीत लिहायचे, 'थांबला. का?' कुणामुळे, हे लिहायचे नाही. तीच सवय त्यांनी इथे आणली. दुसरीत ऑडेट नावाची एक पोर होती, ती लिहिता लिहिता मध्येच थांबे. बाईंच्या कागदावर असे, 'ऑडेट थांबली. का?' पुन्हा चार ओळींनी, 'ऑडेट थांबली. का?' थिबोडो सर ते कागद परत पाठवीत. पाठाचा उद्देश कुठे आहे, शिक्षिकेचे प्रश्न कुठे आहेत, ही काय कारखान्याची वही आहे, असा त्यांचा शेरा असे. मे महिना उजाडला तरी एकाही कागदावर सही नव्हती.

एका दुपारी मुले गेल्यावर बाई माझ्यावर येऊन बसल्या आणि रडल्या. "एकोणीस वर्षं पट्टा चालवला मी," त्या म्हणाल्या, "आणि इथे नऊ कागद चालेनात. माझ्यामुळे शाळा जाणार." मित्रांनो, तेव्हा मला माझ्या लाकूडपणाची लाज वाटली. मला भार सोसता येतो, हलका करता येत नाही.

वर्गशिक्षिका कोरिनबाईंचे ऑडेटबद्दल मत पक्के होते. पोर आळशी, बापासारखी. थिबोडो सरांचेही तेच. तिचा बाप रेनाल्ड याच वर्गात दोनदा नापास झाला होता. त्या घरात आळस वारशाने येतो, म्हणाले. मिशोबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला उचलले आणि ऑडेटच्या डावीकडे नेऊन ठेवले. हळूच पेन्सिल मागितली. ऑडेट ढिम्म. पुन्हा मागितली. ढिम्म. मग मला उजवीकडे नेले, तितक्याच हळू आवाजात मागितली. पोरीने लगेच पेन्सिल पुढे केली.

दहाव्या कागदावर त्यांनी लिहिले, 'थांबली. का? डाव्या कानाने ऐकू येत नाही.'

जूनमध्ये रेनाल्डला बोलावले. थिबोडो सरही आले होते, शेवटचा नकार तोंडावर द्यायला. रेनाल्ड शेतातून तसाच आला, मातीच्या बुटांनी. बाई सांगू लागताच त्याने मान वळवली.

"बाई, या बाजूने बोला. डावा कान मला पहिल्यापासूनच नाही."

"शाळेत सांगितलं नाहीस कधी?"

"मला वाटायचं, सगळ्यांचं तसंच असतं. ऐकायला एक, दुसरा नुसता जोडीला."

थिबोडो सरांनी आधाराला काहीतरी चाचपले. जवळ मीच होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर बसले, धपकन, आणि माझा पाय तडकला.

"तू कुठे बसायचास, रेनाल्ड?" त्यांनी विचारले.

"त्या भिंतीशी, उजवीकडून चिकटून. तुम्हीच बसवलं होतंत, सर. शेजाऱ्याशी बोलू नये म्हणून."

म्हणजे चांगला कान भिंतीकडे. सरांनी दहाही कागद मागून घेतले आणि माझ्यावर बसूनच सह्या केल्या. शेवटी अभिप्रायाची जागा होती. तिथे त्यांनी लिहिले, 'हिने बसून पाहिले. मी उभा होतो.'

परवाना ऑगस्टमध्ये आला. शाळा उघडली. ऑडेट आता उजवा कान फळ्याकडे करून बसते, असे वरच्या आवाजांवरून कळते. मला नीट करायचे बाईंनी कबूल केले आहे, पण त्यांच्यामागे शंभर कामे. मी रोज जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून असते.

मित्रांनो, मोडकी वस्तू फेकू नका, असे मी सांगणार नाही. ते तुम्हाला पाठ आहे. एवढेच मागते: कुणाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या उंचीला बसा. आणि कोणत्या बाजूला बसू, हे त्यालाच विचारा. माझा पाय सरसाने चिकटेल. रेनाल्डची ती दोन वर्षे कशाने चिकटवाल?