मित्सुएच्या चौकटीतला शिक्का

आमच्या वाडीत सूचनांची पाटी घरोघर फिरते. रस्त्याची सफाई कधी, देवळाची जत्रा कधी, असे कागद तिला चिमट्याने लावलेले असतात. वाचायचं, आपल्या चौकटीत सहीऐवजी स्वतःच्या नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी नेऊन द्यायची. माझ्या शेजारचं घर मित्सुएचं. आम्ही दोघी एका बाकावर शिकलो. पुढे त्याच शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं.

सहा वर्षांपूर्वी तिची मुलगी तिला हिरोशिमाला घेऊन गेली. निघताना मित्सुएने आपला शिक्का माझ्या हातात ठेवला. "हिसायो, मी येईपर्यंत माझाही मारत जा. चौकट रिकामी दिसली की लोक म्हणतील, गेली म्हातारी."

मी मारत राहिले. मागच्या शरदात ती खरंच गेली, तरी माझा हात थांबला नाही.

हे पकडलं माकोतोने. तो नगर कार्यालयात रिकाम्या घरांचं काम बघतो. माझाच विद्यार्थी, आता केस पिकलेत.

"बाई, घर रिकामं आहे असं मी वर कळवलं, आणि पाटीवर दर महिन्याला शिक्का! कोण मारतं?"

मी चहा ओतत राहिले.

"मेलेल्या माणसाचा शिक्का? आणि मी शेजाऱ्याचं गणित उतरवलं म्हणून तुम्ही मला अख्खा तास बाहेर उभं केलं होतंत!"

"अर्धा तास. आणि गणित चुकलेलं होतं."

तो हसला, पण बातमी वाईट होती. मित्सुएच्या मुलीने घर आपल्या नावावर करून घेतलं होतं, आणि बर्फ पडायच्या आत गिऱ्हाईक मिळालं नाही तर ती ते पाडणार होती. त्या रात्री मी बराच वेळ त्या अंधाऱ्या खिडकीकडे बघत बसले. पूर्वी तिथला दिवा लागला की मी तांदूळ धुवायला घेत असे.

मे महिन्यात माकोतो गिऱ्हाईक घेऊन आला. तैवानची पेइजेन आणि तिची नऊ वर्षांची मुलगी यूआन. पेइजेन आमची भाषा आजीकडून शिकलेली, तैवानवर आमचं राज्य होतं त्या काळच्या, म्हणून तिचे शब्द जुन्या वळणाचे, थेट माझ्या आईसारखे. लेकीलाही तिने तीच शिकवली होती. घर तिला बघताक्षणी आवडलं. खांबावर मित्सुएच्या मुलीच्या उंचीच्या खुणा होत्या. यूआन तिथे पाठ लावून उभी राहिली.

"पुढच्या एप्रिलमध्ये वर्ष सुरू झालं की हिला इथल्या शाळेत घालीन," पेइजेन म्हणाली. "तिकडचं घर विकते. घर घेतलं की राहायची परवानगी मिळेलच ना?"

माकोतो कागद चाळत कलमांची नावं घेऊ लागला. त्यातलं तिला एक अक्षर कळत नव्हतं. मला मात्र कळत होतं. हिला खरं सांगितलं तर ही परत जाईल, आणि घर पडेल. गप्प राहायला मला काहीच कष्ट नव्हते.

मी यूआनला जवळ बोलावलं. "पोरी, तुझं दप्तर कोणाचं?"

"माझं."

"ते कोणी काढून घेईल?"

"नाही."

"आणि दप्तर माझं आहे म्हणून सुट्टीत शाळेत राहायला गेलीस तर?"

"शिपाई हाकलून देईल!"

"तसंच आहे हे. घर तुमचं होईल, परदेशी माणसालाही पक्कं नावावर होतं. पण राहायची परवानगी वेगळी. ती नोकरीवर, शिक्षणावर, अशी मिळते, घरावर नाही. नुसतं पाहुणं म्हणून आलात तर एका खेपेला नव्वद दिवस."



"आणखी एक," माकोतो हळूच म्हणाला. "दरवर्षी घराच्या कराचा लिफाफा येतो. मालक परदेशी राहत असेल तर तो घेणारं, भरणारं कोणीतरी इथलं नेमावं लागतं."

"माझं इथे कोणी नाही," ती म्हणाली. ती ओसरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. वर वळचणीला मित्सुएचे सुतळीचे दोर अजून लोंबत होते.

"हे कशाला?"

"पर्सिमनची केशरी फळं वाळवायला. सोलून टांगायची. नोव्हेंबरात आम्ही दोघी इथेच बसायचो. तिची साल एकसंध निघायची, माझी तुटायची. साठ वर्षं चिडवलंन मला त्यावरून."

"वाळायला किती दिवस?"

"चाळीस. थंडी चांगली असेल तर कमी."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "मग नव्वद पुरतात, बाई. शाळा तिकडचीच राहू दे. हिच्या थंडीच्या सुट्टीत पर्सिमन तयार होतील."

माकोतोने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही विचारायची वेळ आली नाही. "कराच्या लिफाफ्यासाठी माझं नाव लाव, आण तो अर्ज," मी म्हटलं. "आणि हा शिक्का माझा आहे, नीट बघून घे."

खरेदी ऑगस्टमध्ये झाली. कराच्या कामाचा पहिला लिफाफा माझ्या टपालपेटीत आला, पत्त्यावर मित्सुएच्या घराचा क्रमांक. पूर्वी टपालवाला तिची पत्रं चुकून माझ्याकडे टाकायचा, तेव्हा मी कुंपणावरून हाक मारायची. या वेळीही तोंड उघडलं होतं.

नोव्हेंबरात पेइजेन एकटीच पुढे आली. यूआन सुट्टीत येणार होती. दुसऱ्या दिवशी पाटी फिरली. मी माझ्या चौकटीत शिक्का मारला, पुढच्या चौकटीला हात लावला नाही. पाटी घेऊन शेजारी गेले. तिने पिशवीतून स्वतःचा कोरलेला शिक्का काढला, त्यांच्याकडेही तो असतोच, आणि जपून दाबला.

"फेब्रुवारीत मी जाईन. मग?"

"मग चौकट रिकामी राहील," मी म्हटलं. "तू येईपर्यंत."

मित्सुएचा शिक्का मी तिच्या मुलीला पाठवून दिला. मग सुरी घेऊन पेइजेनच्या शेजारी त्या ओसरीवर पर्सिमन सोलायला बसले. माझी साल आजही तुटलीच.