जागा आणि ऊन

उस्मानपुऱ्यातल्या त्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीवर दिवाळीनंतर सौर पॅनल बसले. त्यासाठी दारोदार सह्या गोळा केल्या मोनालीनं. ती सोसायटीची सेक्रेटरी, शिवाय शाळेत भूगोलाची बाई. देशाच्या विजेत उन्हाचा वाटा दर वर्षी कसा वाढत चाललाय, हे फळ्यावर काढून दाखवताना तिला मनापासून बरं वाटायचं. आपल्या दीड वर्षाच्या लेकीच्या डोक्यावर जरा कमी धुराचं आभाळ असावं, एवढीच तिची इच्छा.

सात सह्या झाल्या. आठवी तळमजल्यावरच्या भामाबाईंची. बाई एकट्या. उन्हाळ्यात गल्लीभराच्या कुरडया गच्चीवर वाळवून द्यायच्या, त्यावरच त्यांचं वर्ष निघायचं.

"माझी गच्ची जाईल का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी, उंच सांगाड्यावर बसवणारेत. खालची जागा तुमचीच."

बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं, जागा राहील, ऊन राहणार नाही. पण तोवर भामाबाई चष्मा शोधून सही करायला बसल्या होत्या. मोनालीनं नुसती सहीची जागा बोटानं दाखवली.

चैत्र लागला. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, चीक शिजवून, भामाबाई गुडघे धरत धरत वर गेल्या आणि कुरडया घालून आल्या. चौथ्या दिवशीही त्या ओल्याच. पाचव्या दिवशी मोनाली लेकीला कडेवर घेऊन कपडे वाळत घालायला गेली, तर भामाबाई आंबूस वासाच्या कुरडया खरवडून पाटीत भरत होत्या.

"यंदा गहूच खराब लागला बघ," त्या म्हणाल्या. "नाय तर माझी कुरडई कधी बिघडत नाय. त्या दुकानदाराला चांगला झाडते आता."

नुसती मान हलवून मोनालीला सुटता आलं असतं. तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"गहू चांगलाच होता, मावशी. सावली पडणार हे मला सही घेतानाच कळलं होतं. मी बोलले नाही."

भामाबाईंचा हात पाटीतच राहिला.

"मग सांगायचं होतं की. मी सही दिलीच असती. लेकराबाळांसाठी चाललंय, एवढं कळत नाय व्हय मला? पण गहू तरी भिजवला नसता."

"मी मीटिंग बोलावते. चार पॅनल सरकवून घेऊ."

"बोलाव. तोवर लोकांना काय देऊ?" त्यांनी पाण्याच्या टाकीवरच्या स्लॅबकडं पाहिलं. "तिथं ऊन हाय लई. पर ती शिडी मला चढवत नाय."

रविवारी सकाळी मोनाली लोखंडी शिडीवरून वर चढली. खाली भामाबाईंच्या मांडीवर लेक, बाजूला गरम चिकाचं पातेलं. सोऱ्या भरून त्या वर करायच्या, मोनाली दोन पायऱ्या उतरून घ्यायची. मोनालीच्या पहिल्या दोन कुरडया तुटल्या.

"हात उचल लवकर. गार झालं की तुटतंय. भूगोल नाय हा, सावकाश चालायला."

मोनाली हसली नाही. घाम पुसून तिनं खाली वाकून विचारलं, "रागावलात ना मावशी?"

"व्हय," भामाबाई म्हणाल्या, आणि भरलेला सोऱ्या वर केला.