हळू चेंडू

कामोशितासाहेबांनी योकानच्या, म्हणजे गोड वड्यांची पेटी पुढे सरकवली आणि कपाळ चटईला टेकवलं. शेजारी निशिवाकीनंही टेकवलं. ओसाकात माफी केवढी आहे ते पेटीच्या वजनावरून कळतं, आणि साहेबांनी दुकानातली सगळ्यात जड मागितली होती.

"हिरानुमा सेन्सेई, आमच्या हातून अक्षम्य चूक झाली."

समोरून टिंग, असा बारीक आवाज तेवढा आला.

'चांदण्याचं तळं' हा नाणं टाकून खेळायचा पिनबॉलचा व्हिडिओ गेम हिरानुमांनी तरुणपणी बनवलेला. कंपनीनं यंदा तो हातात मावेल एवढ्या यंत्रावर आणला, काम निशिवाकीचं. मासिकांनी लिहिलं, चेंडू पाकात पडल्यासारखा चालतो. वर गेला की पडद्याबाहेर जातो, तो पोरांचा गृहपाठ होईपर्यंत परतत नाही. सेन्सेईंनी गेमवरचं आपलं नाव काढून घेतलं तर निशिवाकीची नोकरी गेली, हे साहेबांनी गाडीतच सांगून ठेवलं होतं.

समोरचा 'उठा' म्हणेपर्यंत डोकं वर करायचं नसतं. समोरचा म्हणत नव्हता.

"झोपलेत का रे?" साहेब चटईत कुजबुजले.

"नाही. बटणं दाबतायत."

"कसली?"

"आपल्याच यंत्राची."

सेन्सेईंच्या पत्नी, त्सुरुएबाई, चहा घेऊन आल्या.

"अहो, माणसं आलीत."

"चेंडू जिवंत आहे," सेन्सेई म्हणाले.

"तो जेवणाआधीपासून जिवंत आहे." बाई पाहुण्यांकडे वळल्या. "मेला की उठवतील तुम्हाला. बसा आरामात. म्हणजे, असेच."

ऊन सरकत निशिवाकीच्या कानावर आलं. टिंग. पुष्कळ वेळानं पुन्हा टिंग, खोल विहिरीत थेंब पडावा तसं. मिटल्या डोळ्यांपुढे त्यालाही चेंडू तरंगताना दिसू लागला. साहेबांचे पाय केव्हाच बधिर झाले होते; ते अदबीनं, वाकलेल्या अवस्थेतच, हळूहळू त्याच्या अंगावर कलंडले.

"एवढा हळू कुणी केला?" सेन्सेईंनी विचारलं.

"यानं," साहेब आडवेच म्हणाले.

"मीच," निशिवाकी म्हणाला. "पडदा एवढासा. जोरात सोडला की दिसायचाच नाही."

"उद्यापासून हा—" साहेब सुरू झाले.

"शू. तळ्यावरून जातोय." सेन्सेईंनी यंत्र बायकोपुढे धरलं. "काठावर बघ. पाण्यात पाय सोडून बसलीय ती."

"कोण ही?"

"ओळख."

त्सुरुएबाईंनी चष्मा पुसला. "एवढं नाक नाही माझं."

"चार ठिपक्यांत बसवायचं होतं. तेव्हाचे मालक म्हणाले, चेंडू झटकन पडला पाहिजे, गिऱ्हाईक परत नाणं टाकेल. इतका पळवला, की तुला कुणी पाहिलंच नाही. मीसुद्धा."

"मी ठिपका ठिपका उतरवली," निशिवाकी चटईला म्हणाला. "कोण ते ठाऊक नव्हतं."

बाईंनी यंत्र हातात घेतलं आणि परत दिलं नाही.

"पुढच्या वेळी वेग नक्की वाढवतो, सेन्सेई," साहेब म्हणाले. "शब्द देतो."

"मग याहून जड पेटी आणावी लागेल तुम्हाला."

साहेबांना घाम फुटला.

"आणि हा उद्यापासून काय?" सेन्सेईंनी विचारलं.

"उद्यापासून... खिडकीजवळच्या चांगल्या जागेवर बसेल."

टिंग.

"उठा आता," सेन्सेई म्हणाले. "त्सुरुए, ती पेटी उघड आणि चहा नव्यानं टाक. चेंडू आत्ताच वर गेलाय."